उंची न वाढल्यास पैसे परत

मागच्या महिन्यात थोरल्या भावाने बारामतीतल्या एका संग्राहकाकडून एक जुने कॉमिक विकत घेतले. मुखपृष्ठावर छापील किंमत तीन रुपये. त्याने आठशे मोजले. आतली गोष्ट त्याने वाचली नाही. त्याला मागचे पान हवे होते: उंची वाढवण्याच्या यंत्राची जाहिरात, खाली कापून पाठवायचे कूपन आणि ‘फरक न पडल्यास पैसे परत’ ही ओळ.

हाच अंक आमच्या गावी, पणदऱ्यात, मी सातवीत असताना घेतला होता. त्यातले कूपन भावाने कापले. तो अठरा वर्षांचा होता आणि पोलीस भरतीला लागणाऱ्या उंचीला दोन बोटे कमी पडत होता.

पोस्टमनकडे पैसे भरून सोडवायचे व्ही.पी. पार्सल आले. आत एक स्प्रिंग, दोन मुठी आणि व्यायामाचा कागद. तो रोज पहाटे गोठ्यात ती स्प्रिंग ताणत बसे. दर रविवारी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राही. डोक्यावर पट्टी टेकवून पेन्सिलीने रेघ मारायचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्या रविवारी मी पट्टी नखभर वर धरली. रेघ पाहून तो हसला. मग मी दर रविवारी रेघ आधीच्या रेघेपेक्षा नखभर वर मारू लागलो. त्याची दया आली म्हणून नव्हे. तो इतका सहज फसतो, याची मजा वाटत होती.

भरतीच्या आदल्या दिवशी वडिलांनी, म्हणजे आबांनी, टेप लावून शेवटची रेघ मोजली. उंची बसत होती. आईने आळीत सगळ्यांना सांगितले.

पुण्याच्या मैदानावर त्याला पहिल्याच मोजणीत बाहेर काढले. संध्याकाळच्या एसटीने तो परत आला. वडील म्हणाले, “दारात उंची बसती अन् मैदानात बसत न्हाय? पळायच्या भ्यानं माघारी आलास, असं सांग की.”

रेघांचे खरे मी कुणाला सांगितले नाही. त्यानंतर गावातला कुणी पोलिसात लागला की वडील भावासमोरच म्हणत, “आमचं गेटावरनंच वळलं.” मरेपर्यंत म्हणत राहिले.

परवा घरी गेलो तेव्हा भावाने ते पान माझ्यासमोर धरले. “ह्यांनी बुडवलं मला. आबांपुढं खोटा पाडला.”

“यंत्रानं न्हाय पाडला, दादा. रेघ मीच वर मारत हुतो.”

“किती?”

“दर रविवारी नखभर.”

“आन खरा किती वाढलो हुतो?”

“कायच न्हाय.”

त्याने कॉमिक प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट सरकवले. कडा दुमडणार नाहीत असे. मग म्हणाला, “आबा तर गेलं. आये हाय. तिला सांग जा.”

आई स्वयंपाकघरात शेंगा फोडत होती. मी स्प्रिंगपासून शेवटच्या रेघेपर्यंत सगळे क्रमाने सांगितले. तिने मधे एकदाही तोडले नाही.

“झालं सांगून?”

“व्हय.”

“त्यानंच धाडलंय न्हवं तुला?” तिने टरफले सुपाच्या कडेला सारली. “पन्नाशी उलटली, तरी भ्यालो म्हणाया त्याची जीभ उचलत न्हाय. आता तुला पुढं केलं.”

भाऊ उंबऱ्याबाहेर उभा होता. ती हळू बोलली नव्हती.