वाघदेवाला आगाऊ दिलेला कोंबडा

पेठकडच्या डोंगरातली ती गुहा अश्मयुगीन माणसाची असावी, असा तज्ज्ञांचा कयास होता. भागीबाईच्या मते ती तिच्या शेळ्यांची होती. आणि ताबा पाहिला, तर तिचेच म्हणणे अधिक भक्कम होते. सासूच्या काळापासून पावसाळाभर शेळ्या तिथेच राहत. उत्खननात काही सापडले, तर गुहेला कुंपण पडणार, हे मजुरांना सुरुवातीलाच सांगितले गेले होते. त्या मजुरांत भागीबाईही होती. काही निघू नये म्हणून जीव टांगणीला लावून ती रोज गुहेतलीच माती चाळत असे.

शेवटी तिने गुहेच्या तोंडाशी बसलेल्या वाघदेवाला नवस केला. देव उधारीवर काम करत नाही, हा अनुभव असल्याने सुटीच्या दिवशी कोंबडा आगाऊच कापला आणि तिथेच शिजवून खाल्ला. नवसाचे हाड घरी न्यायचे नाही, देवाच्या हद्दीत पुरायचे, ही रीत. त्या सगळ्या खडकात मऊ जागा एकच होती : खणायला घेतलेला खड्डा.

सोमवारी हाडे निघाली. उत्खननप्रमुख निकिता मॅडमनी ब्रश फिरवला, मग वास घेतला.

"याला हळद लागलीय. मसालाही."

"जुन्या लोकांना चव व्हती म्हनायची," भागीबाईचा नवरा सोमा पुटपुटला.

"भागीबाई?"

"देवाचं हाय, मॅडम. देवाला इचारा."

खड्ड्यातले थर ढवळले गेले होते. तिथला पुरावा आता कोणी मानला नसता. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि न ढवळलेली जागा शोधली. वाळल्या लेंड्यांच्या जाड थराखाली ती उत्तम टिकली होती : शेळ्यांचा कोपरा. तिथे गारगोटीची पाती निघाली, मग चुलीची राख. कुंपणाचे खांब आले.

भागीबाई कमरेवर हात ठेवून वाघदेवापुढे उभी राहिली. "कोंबडा माझा खाल्ला, काम त्यांचं केलं? लाज हाय का काय?"

मॅडम हसल्या, ही चूक झाली.

"हसता काय? तुमची मानसं कवाच मेली. माझ्या शेळ्या जित्या हायत. पान्यात उभ्या करू? तो तुमच्या सामानाचा पत्र्याचा मांडव जाताना मोडू नका."

"शेळ्यांसाठी पत्रे सोडले, असं अहवालात कसं लिहू?"

"देवाला दिलं, लिवा."

मांडव राहिला. शेळ्या त्यात कोरड्या आहेत. वाघदेवाने नवस पुरा केला की नाही, यावर नवराबायकोचे एकमत नाही. सोमा दुसरा कोंबडा द्यायचा म्हणतो, पण भागीबाईच्या लेखी देवच अजून तिचे देणे लागतो.