माझ्या आधीची तानसा

माझं नाव तानसा. हे मला बहुतेक ठिकाणी दोनदा सांगावं लागतं. बँकेत, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत. समोरचा मान वर करून विचारतो, "म्हणजे ते पाण्याचं?" मी हो म्हणते. ज्या तलावाचं पाणी आपण मुंबईकर रोज पितो त्याचं नाव एखाद्या बाईला असू शकतं हे लोकांना झेपत नाही. गंगा चालते, गोदावरी चालते, तानसा चालत नाही.

शाळेत मला "ए टाकी" म्हणत. आता ऑफिसातल्या पोरी म्हणतात, "मॅम, किती युनिक नाव!" ज्या नावापायी मी मधल्या सुट्टीत रडले, ते तीस वर्षांनी फॅशनमध्ये आलं. हल्ली सगळ्यांना दोन-तीन अक्षरी, कुणाकडेच नसलेलं नाव हवं असतं. मी एकदा मोबाइलवर तासभर शोधलं होतं. तलाव सापडला, पाइपलाइन सापडली, एक सोसायटी सापडली. या नावाची बाई एकही सापडली नाही.

नाव बाबांनी ठेवलं. ते पाणीखात्यात चावीवाले होते. चावी म्हणजे माणसाच्या छातीएवढी लोखंडी दांडी, वर आडवा दांडा. ती रस्त्यातल्या खड्ड्यात घालून फिरवली की त्या गल्लीला पाणी येतं. मुलुंडच्या आमच्या चाळीमागूनच तलावाकडून येणारे दोन काळे पाइप जात, त्यांच्यावर आम्ही गोधड्या वाळत घालायचो. लग्नाआधी बाबांची बदली दोन वर्षं तलावावरच होती. मुंबईत जन्म गेलेल्या त्या माणसाने एवढं स्वच्छ, एवढं शांत पाणी पहिल्यांदा पाहिलं, आणि मुलगी झाली तर तिचं नाव हेच, असं तिथेच ठरवून टाकलं. हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. आई तिथे असली तर उठून आत जाई.

आईने मला कधीच नावाने हाक मारली नाही. अगं, ए पोरी, बाळ, ऐकतेस का, आणि भाऊ झाल्यावर ताई. बाबा मात्र चाळीच्या तोंडाशी आले की "तानसाऽ" अशी आरोळी ठोकायचे. मला वाटायचं, आईला हे नाव आवडत नसणार. मलाही कुठे आवडत होतं! त्यामुळे त्या बाबतीत मी आईच्या बाजूची होते.

दहा वर्षांची असताना दिवाळीच्या साफसफाईला मला माळ्यावर चढवलं. आई नळावर गेली होती. एका पत्र्याच्या डब्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली स्टीलची वाटी सापडली. भांडीवाल्याकडे मशीनने टिंबाटिंबाचं नाव घालून देतात, तसं नाव होतं: "चि. तानसा हिच्या बारशाप्रीत्यर्थ, आत्याकडून." खाली तारीख. माझ्या नावाची वाटी आणि मला कुणी कधी दाखवली नाही, म्हणून मी आधी रुसले. मग तारीख वाचली. ती माझ्या जन्माच्या चार वर्षं आधीची होती.

मी वाटी घेऊन बाबांकडे गेले. "बाबा, भांडीवाल्याने तारखेची वाट लावलीय."

ते दाढी करत होते. आरशातूनच त्यांनी वाटी पाहिली. अर्ध्या चेहऱ्यावर फेस तसाच ठेवून ते खाली बसले.

"चुकली नाही ती," म्हणाले. "तुझ्या आधी एक होती."

ती अडीच वर्षांची होऊन गेली. तापाने, दोन दिवसांत. फोटो एकच होता, तो आईने कुठे ठेवलाय ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी विचारलं, मग मला तेच नाव का? दहा वर्षांच्या मुलीने विचारावं तसंच विचारलं, जरा चिडून. शाळेत दुसऱ्याची वापरलेली वही कुणी दिली तर मी घेत नसे.

बाबांनी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. मग म्हणाले, "ड्यूटीवरून आलो की हाक मारायची सवय झाली होती गं. ती गेल्यावरही तोंडातून निघायची. त्या जुन्या चाळीतले लोक बघायचे. तू झालीस तेव्हा म्हटलं, आता मारता येईल."

आणि म्हणाले, "भावाला सांगू नकोस. आईसमोर तर काढूच नकोस." मी शब्द दिला.

पुढे वाकोल्याच्या आत्याकडून बाकीचं कळलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पहिलीच्या वेळी तिने हौसेने सांगितलं, वाटी आणली. माझ्या वेळी ती पाळण्याशी आलीच नाही. "गेलेल्या लेकराचं नाव जिवंत लेकराच्या कानात मी घालणार नाही," म्हणाली. शेवटी बाबांनीच वाकून माझ्या कानात सांगितलं. आत्याचं काम बापाने केलं म्हणून बायका कुजबुजल्या. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

त्यानंतर बाबांची आरोळी ऐकली की मी लगेच ओ देत नसे. आधी एक क्षण थांबायचे, कुणी दुसरी जातेय का ते बघत असल्यासारखी. वेडेपणाच होता तो. पण हाक मला नाही हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच. मग मला एकच गोष्ट हवी झाली. आईने एकदा, एकदाच, मला या नावाने हाक मारावी. तिने मारली असती तर ते नाव माझं झालं असतं. त्यासाठी मी काय काय केलं! मुद्दाम उशिरा घरी आले. एकदा जिन्याखाली दोन तास लपून बसले. आई चाळभर "अगं ए" करत फिरली.

लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, सुटले. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि जुनं माहेरी सोडून यायचं. बरोबरीच्या मैत्रिणी या प्रथेविरुद्ध भांडत होत्या आणि मी तिच्यावर आस लावून बसले होते. पण सासरची माणसं नेमकी सुधारलेली निघाली. सासूबाई म्हणाल्या, "इतकं वेगळं नाव, कशाला गं बदलायचं?" बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताटातल्या तांदळात माझंच नाव गिरवलं.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे, घाटकोपरला राहायला आली. दोन पिशव्या आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात काय आहे ते मी विचारलं नाही. ती मला "ऐकतेस का" म्हणून हाक मारते.

भावाला लग्नानंतर खूप वर्षांनी, बऱ्याच औषधपाण्यानंतर मुलगी झाली. तो बोरिवलीला अठराव्या मजल्यावर राहतो. बाळ आठ दिवसांचं असताना आम्ही दोघी बघायला गेलो. भाऊ आणि भावजय नावांच्या याद्या घेऊन बसले होते.

"सगळी नावं सगळ्यांकडे आहेत यार," भाऊ म्हणाला. "बाबांनी कसं झकास शोधलं होतं!"

भावजय एकदम म्हणाली, "मग तेच ठेवू या ना! ताईंचं. बाबांची आठवणपण राहील."

"जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत आपल्यात," मी म्हटलं.

"कुठल्या जमान्यात आहेस तू?" भाऊ हसला. "आई, तू सांग. ठेवायचं ना?"

आई बाळाची दुपटी घडी करत होती. "तिसरी?" ती म्हणाली.

"तिसरी कुठे? दुसरी," भाऊ म्हणाला. "आईचं गणित गेलं ना ताई!"

आईने घडी पुरी केली आणि दुसरं दुपटं उचललं. घरी येताना रिक्षात मी तिला म्हटलं, तूच सांग त्याला. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." पुढचे चार दिवस मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. बाबांचा, भावाचा, आणि सगळ्यांत जास्त आईचा.

बारशाला भिंतभर फुगे होते आणि सोनेरी अक्षरांत माझंच नाव टांगलेलं होतं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, बाळ पाळण्यात ठेवलं, आणि सगळ्या म्हणाल्या, चला आत्याबाई. मी वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा वास येत होता. मी तिला दुसरंच नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं एकटीचं असू दे. बायकांनी कुर्रर्र करून माझ्या पाठीत बुक्के घातले, आणि मग मी ते नाव मोठ्याने सांगितलं.

कुणाला काही कळेना. भाऊ भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत म्हणाला, "ताई, हे काय?"

"माझ्या आधी एक होती," मी म्हटलं. "तिचंही नाव हेच होतं. अडीच वर्षांची होऊन गेली. आणखी एकीला त्यात घालायला नको."

इतकं सगळं मी घुगऱ्यांची ताटं हातात घेतलेल्या बायकांसमोर बोलले. बाबांना दिलेला शब्द मोडला. भाऊ खुर्चीवर बसला. आई उठून आतल्या खोलीत गेली.

पाहुणे लवकर पांगले. भावजय अक्षरं काढत होती, मी स्वयंपाकघरात उरलेली खीर काढून ठेवत होते. तेवढ्यात आतून हाक आली.

"तानसा!"

आईचा आवाज. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या हातातला डाव तसाच पातेल्यात राहिला. "ओ! आले, आले," म्हणत मी धावले. या वेळी थांबून वाट बघितली नाही.

आई पलंगावर बसली होती. शेजारी घरून आणलेली तिची पिशवी उघडी, मांडीवर ती वाटी, हातात एक पिवळा पडलेला फोटो. तिने वर पाहिलं.

"तुला नाही गं," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी मायेने. "तिला मारली. आता कळलंच आहे सगळ्यांना."

मी दारातच उभी राहिले.

"किती वर्षं तोंडात होती," आई फोटोवर बोट फिरवत म्हणाली. "पण मारली असती तर तू आली असतीस."