गाडी कायले घेतली?
उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मला चिचगडचं मावशीचं अंगण आठवतं आणि मग जीव थाऱ्यावर राहत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईला, गावच्या जत्रेला, त्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःच्या गाडीनं गेलो होतो. बाहेर ढोलकी वाजत होती, पाहुण्यांची ये-जा चालली होती, तरी मी गाडी मुद्दाम थेट अंगणात आणली; पोरगा कुठवर पोचला ते मावशीनं बघावं. तिनं काचेतून आत डोकावलं आणि गरम शिंगाड्यांची परात पुढं सरकवली. मी दोन सोलले, फोन बघितला आणि उठलो. "काऊन रे, निंगून रायला?" "अंधाराच्या आत गोंदियाले पोचाचं हाये, मावशी." "एसटीनं येत होता त दोन-दोन रोज राहत होता. आता घरची गाडी हाये त घंटाभर बसून नाई रायला. मंग गाडी कायले घेतली, बापा?" मी हसलो आणि निघालो. आज फुलचूरला रस्त्याच्या कडेला तोच वास आला म्हणून थांबलो. आताची गाडी त्याहून मोठी आहे. शिंगाडा सोलून तोंडात टाकला, तेव्हा लक्षात आलं, मी इंजिन बंदच केलं नव्हतं.