ओडवारची जीप, गावाची चासी

वाहन तपासणी केंद्रातला तपासनीस ओडवारच्या जीपखाली शिरला, त्याने चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत गंजाचा भुगा होता. "वरची बॉडी एकदम छान आहे," तो म्हणाला. आमच्याकडे वाईट बातमी अशीच देतात, आधी काहीतरी छान आहे असं सांगून. मग त्याने जीप रस्त्यावर आणायला बंदी केली आणि ओडवार बसने घरी आला.

ओडवार माझा शेजारी. आमच्या घरांच्या मध्ये एक ओढा आणि माझ्या मेंढ्यांचं कुंपण. तो आयुष्यभर फेरीबोटीवर होता, गाड्या ओळीने आत लावून घ्यायच्या कामावर. त्या कामात तोंड उघडावं लागत नाही, हाताच्या खुणांवर भागतं. पुढे फ्योर्डवर, म्हणजे आमच्या डोंगरांमधल्या खाडीवर, पूल झाला, बोट बंद पडली, ओडवार निवृत्त झाला, पण म्हणून काही तो बोलायला लागला नाही. त्याची बायको गुन्वोर दोघांच्या वाटचं बोलते. लग्नाचं त्याने कसं विचारलं होतं, असं मी तिला एकदा छेडलं, तर म्हणाली, "विचारतोय कुठला. जीपचं दार उघडून उभा राहिला. पाऊस होता, मी बसले."

तीच ही जीप. गुन्वोरच्या माहेरचं वर डोंगरावर स्टोल आहे, म्हणजे पूर्वी उन्हाळ्यात गाईगुरं नेऊन ठेवायची ती लाकडी खोपटी. गाईगुरं कधीच गेली, पण गुन्वोर दर उन्हाळ्यात तिथे जाऊन राहते, दलदलीत उगवणारी मुल्ते नावाची पिवळी रानफळं वेचते, आणि ती नेमकी कुठे मिळतात हे मला, सख्ख्या शेजारणीला, आजवर तिने सांगितलेलं नाही. वर जायची वाट नुसती धोंड्यांची आहे आणि मध्ये दोनदा नदी आडवी येते. गावात हल्ली सगळ्यांच्या गाड्या विजेवरच्या, पोट जमिनीला टेकलेल्या. गुन्वोरचे गुडघे तर पार गेलेले. जीप नाही तर ती वर जाणार नाही, आणि यंदा चुकलं तर पुढच्या वर्षी तिला जीपमध्ये तरी चढवेल का, हे डॉक्टरही सांगेनात.

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ओडवारला विचारलं की तो म्हणायचा, "लाकडं आणायला लागते."

मत्स्यशेतीवर वेल्डिंग करणारा शेटिल सरळ माणूस आहे. तो म्हणाला, "गुन्वोर, मी नेतो तुला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवू."

"मी काय शेणखत आहे?" गुन्वोर म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

गॅरेजवाल्याने चासी बदलायचा आकडा सांगितला तेव्हा ओडवार तिथल्याच एका टायरवर बसला म्हणे. गंमत अशी की नवी चासी काही फार महाग नव्हती. इंग्लंडहून मिळते, जस्ताचा मुलामा दिलेली, ओडवारने ती मागवूनही टाकली. परवडत नव्हते ते बसवणारे हात. पूर्ण गाडी उचकटायची, बॉडी उचलायची, इंजिन काढायचं, सगळं नव्या सांगाड्यावर पुन्हा चढवायचं. आमच्या देशात मेकॅनिकच्या तासाचा दर असा आहे की मेकॅनिकसुद्धा आपली गाडी रविवारी घरी दुरुस्त करतो. श्रीमंत देश आहे आमचा, सगळे म्हणतात. इथे माणूस सोडून काहीही परवडतं.

फुकटचे हात आमच्याकडे नाहीत असं नाही. त्याला डुगनाद म्हणतात. शाळेला रंग द्यायचा, धक्क्याच्या फळ्या बदलायच्या, की सगळं गाव आपापली हत्यारं घेऊन येतं, राबतं आणि वाफल खाऊन घरी जातं. सक्ती अजिबात नसते. फक्त जो येत नाही त्याचं नाव त्याच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत निघतं. पूर्वी कुणाच्या गोठ्याचं छप्पर चढवायलाही डुगनाद व्हायचा, पण आता तो सामाईक कामासाठीच. स्वतःच्या जीपसाठी डुगनाद मागणं म्हणजे देवळातल्या दानपेटीत हात घालणं, आणि ओडवार तर शेजाऱ्याकडे शिडी मागायला नको म्हणून स्वतःचं छप्पर गळू देणारा माणूस.

चासी आली आणि त्याच्या नावघरात, म्हणजे बोट ठेवायच्या शेडमध्ये, पडून राहिली. ओडवार रोज तिथे जाऊन तिच्याकडे बघत बसायचा. मला ते बघवेना. मी आमच्या ग्रामसंघाच्या अध्यक्षीण बाई सोलफ्रिद यांना कॉफीला बोलावलं आणि गुन्वोरलाही. सोलफ्रिद शाळेत शिकवायच्या. नियम मोडणाऱ्यापेक्षा नियम न वाचणाऱ्याचा त्यांना जास्त राग येतो.

"खाजगी गाडीवर डुगनाद नाही," त्या म्हणाल्या. "पण ग्रामसंघाच्या गाडीवर होऊ शकतो. वरच्या कुरणाच्या कुंपणाचे खांब न्यायला संघाला गाडी हवीच आहे."

"म्हणजे जीप गावाला द्यायची?" मी विचारलं.

"दान करायची. चासीसकट."

"अहो, मग त्याच्याकडे उरलं काय?"

"डुगनादमध्ये सहभागी व्हायचा हक्क," सोलफ्रिद म्हणाल्या, आणि त्यात त्यांना काही विनोदी वाटलं नाही. गुन्वोर मात्र अशी हसली की तिची कॉफी सांडली. मग ती घरी गेली आणि तिने ओडवारला सांगितलं. तो उठून ओढ्याकाठी गेला, अंधार पडेपर्यंत तिथे उभा राहिला, म्हणजे आमच्या जूनमध्ये जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत, आणि परत येऊन म्हणाला, "बरं."

पुढच्या शनिवारी सगळं गाव हजर. शेटिलने नावघराच्या तुळयांना पट्टे बांधून बॉडी वर टांगली. बोल्ट गंजून असे चिकटलेले की पाना लागेना, एकेक ग्राइंडरने कापावा लागला. पाद्रीबाई चाकांचे नट सोडवत होत्या आणि एखादा अडला की जे शब्द वापरत होत्या ते मी इथे लिहीत नाही. मी चार चांगले बोल्ट पेट्रोलमध्ये घासून ठेवले ते कुणीतरी भंगारात टाकले. गुन्वोर दारात खुर्ची टाकून वाफलवर तपकिरी चीज ठेवत होती आणि कोण काम करतंय, कोण नुसतं बघतंय, याचा मोठ्याने समाचार घेत होती.

सगळ्यांत अवघडलेला ओडवार. जीपचा नट न् नट त्याला पाठ, पण जीप आता त्याची नाही. तो हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा.

"काय रे, पाहुण्यासारखा उभा काय राहतोस?" शेटिल खालून ओरडला. "तो पाना दे इकडे."

ओडवारने पाना दिला. "हा तुझा?" शेटिलने विचारलं.

"गावाचा," ओडवार म्हणाला. पान्यांचा अख्खा डबाच त्याने जीपबरोबर दान केला होता, कारण सोलफ्रिदच्या कागदावर 'उपकरणांसह' असं लिहिलं होतं. हा माणूस कागद वाचतो आणि वर त्यावर विश्वासही ठेवतो.

दोन-तीन शनिवारांत जीप उभी राहिली. तपासणीत पास झाली. तोच तपासनीस खाली गेला आणि म्हणाला, "चासी छान आहे." पुढे काही वाईट बोलेल म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून थांबलो, पण या वेळी तेवढंच होतं. किल्ली ग्रामसंघाच्या सभागृहात खिळ्याला लागली आणि आमचं गाव जे चुकायचं ते चुकलं. जीप कुणी, केव्हा, कशासाठी वापरायची, याचे नियमच केलेले नव्हते. नियम सभेत होणार, आणि सभा जुलैत होणं शक्य नव्हतं. जुलैत अख्खा देश सुट्टीवर असतो. सोलफ्रिद स्पेनला, शेटिल बहिणीकडे, पाद्रीबाई कुठेतरी मौनात.

सभागृहाला कुलूपसुद्धा नव्हतं. मुल्ते पिकायला लागली होती. मी कुंपणावरून ओडवारला म्हणाले, "अरे, घे ना किल्ली. कोण बघतंय?"

"माझी नाहीये."

"चाळीस वर्षं तुझी होती की."

"आता नाही."

"मग गुन्वोरला काय सांगणार आहेस?"

"ती म्हणाली, थांबू या," तो म्हणाला. मी गुन्वोरला विचारलं तर ती म्हणाली, "ओडवार म्हणाला, थांबू या." दोघांच्या कानशिलात एकेक द्यावीशी वाटली मला. शेजारपाजार सगळा समुद्रात पोहत होता, आणि ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून डोंगराकडे बघत बसायची. गुन्वोर आता अंगणातसुद्धा दोन काठ्या घेऊन यायची.

ऑगस्ट लागल्यावर सभा भरली. सोलफ्रिद उन्हाने लाल होऊन आल्या होत्या. नियम मंजूर झाले. जीप फक्त सामाईक कामाला, खाजगी कामाला कुणालाही नाही, मूळ मालकालाही नाही. शेटिल म्हणाला, "अहो, पण ओडवार..." सोलफ्रिद म्हणाल्या, "एकाला सूट दिली की दानाचा अर्थच गेला." आणि कायद्याने बाई बरोबर होत्या, त्याचाच तर संताप.

मग मी हात वर केला आणि म्हणाले, गुन्वोरला स्टोलवर पोचवणं हे सामाईक काम आहे असा माझा ठराव आहे. या गावात डुगनाद झाला आणि वाफल तिने केले नाहीत, असं कधी झालंय का? सभागृहाची जमीन घासली कुणी? चाळीस वर्षं जी गावाच्या कामाला येते ती गावाची नाही तर कुणाची?

"चर्चेला घेण्यासारखं आहे," सोलफ्रिद म्हणाल्या. "पण ओडवार आणि गुन्वोर यांचा यात हितसंबंध आहे. त्यांनी बाहेर थांबावं."

ती दोघं उठली आणि बाहेरच्या खोलीत, बूट-कोटांमध्ये जाऊन बसली. दार नीट लागत नाही, त्यामुळे गुन्वोर मालकीची आहे की सार्वजनिक, ही सगळी चर्चा त्यांना ऐकू गेली असणार. ठराव एकमताने मंजूर झाला. पण सोलफ्रिदनी त्या दोघांना आत बोलावून आणखी एक अडचण काढली, आणि मी मनातल्या मनात त्यांना कुठे कुठे पाठवलं.

"ओडवार, तपासणी नापास झाल्यापासून तू सगळ्यांना सांगतोयस की जीप लाकडांसाठी हवी. लाकडं खाजगी आहेत. गुन्वोर सामाईक. मला इतिवृत्तात लिहावं लागेल. जीप तुला कशासाठी हवी होती?"

शेटिल पुटपुटला, "आता काय बायबलवर हात ठेवायला लावणार का?" ओडवार कॉफीच्या टेबलाशी उभा होता. त्याने हात वर नेला, काही खूण करावी तसा, आणि खाली आणला. गुन्वोर काठ्यांवर रेलून त्याच्याकडे बघत होती, आणि या वेळी ती त्याच्या वाटचं बोलली नाही.

"हिच्यासाठी," ओडवार म्हणाला. "लाकडं विकतही मिळतात. हिला वर गेल्याशिवाय उन्हाळा झाल्यासारखं वाटत नाही, आणि हिला वाटलं नाही तर मलाही वाटत नाही."

सोलफ्रिदनी लिहून घेतलं. मग विचारलं, "तारीख?"

"उद्या," गुन्वोर म्हणाली, आणि आपले बूट कुठे ठेवलेत ते शोधायला लागली.