चिकूखाली बसवलेला नवरामुलगा

माझी फजिती मीच सांगते. शेजारच्या फिलोमिनाकडून ऐकलीत तर त्यात तिची दहा वाक्यं जास्त असतील. चहा घ्या आधी, आणि हसायचं ते शेवटी हसा.

मी भुईगावात लग्न होऊन आले तेव्हापासून सायकल चालवते. सकाळी सोनचाफा तोडायचा, टोपली कॅरियरला बांधायची आणि थेट वसईच्या बाजारात. अजूनही. त्यामुळे सायकल आणि माणूस, दोन्ही आपल्याला लांबून ओळखू येतात, असा माझा पक्का समज. होता.

ही फजिती झाली तेव्हा आमच्या आळीत डोळ्यांची साथ होती. आमच्याकडे डोळे आले की माणूस काळा चष्मा लावतो, आणि काळा चष्मा दिसला की बाकीचे वाट बदलतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

नेमकं त्याच दिवसांत एका रविवारी माझ्या नातीला, दीपालीला, बघायला येणार होते. मुलगा नायगावचा, निखिल. आईवडील रिक्षाने येणार, मुलगा पुढे सायकलवरून. सायकल म्हटल्यावर मी तर तो न बघताच पसंत केलेला. दीपालीलाही फोनवर बोलून आवडला होता. किती, ते विचारू नका. सकाळपासून तिने तीन ड्रेस बदलले होते.

दहाच्या सुमाराला मुलगा आला. डोक्यावर सायकलवाल्यांचा टोप, अंगाला चिकटलेली चड्डी, आणि डोळ्यांवर पार कानापर्यंत गेलेला काळाभोर चष्मा.

मी ओट्यावरूनच ओळखलं.

"आजी, नमस्कार करतो," म्हणत तो वाकला.

मी दोन पावलं मागे. "तिथनंच कर, बाबा. पोचला मला."

"काही चुकलं का?"

"चष्मा काढ बघू."

त्याने काढला. उजवा डोळा टोमॅटोसारखा लाल.

"कधी आले डोळे?"

"आले नाहीत हो आजी. आत्ता वळणावर घाम पुसायला चष्मा काढला, तेवढ्यात चिलट गेलं."

"बरोबर. आमच्या आळीत बी सगळ्यांच्या डोळ्यात चिलटंच गेलीत."

मी त्याला अंगणाच्या टोकाला चिकूखाली बसवला. पाणी हवं तर घे म्हटलं, आणि तांब्या मध्येच ठेवून मागे आले. त्याने हात लावलेलं फाटक साबणाने धुतलं. दीपाली दारातून डोळे वटारत होती, तिला आत पिटाळली. साथीच्या दिवसात घर असं सांभाळावं लागतं.

मग त्याचे आईवडील उतरले. मुलगा झाडाखाली एकटा बघून आईचा आवाज चढला. "आमच्या निखिलला बाहेर का बसवलंय?"

"डोळे आलेला मुलगा पाठवता, वर मलाच विचारता?"

तिने मागे वळून रिक्षावाल्याला सांगितलं, "थांबा हो, जाऊ नका. आम्ही निघतोच."

दीपाली धावत बाहेर आली. "आजी, तो सायकलवर लावायचा चष्मा आहे. धूळ, किडे डोळ्यात जाऊ नयेत म्हणून."

"मला सायकल शिकवतेस? जन्म गेला सायकलवर, डोळ्याला कधी काय लावलं नाय. थांब, दाखवते."

पदर खोचला, सायकल काढली. आळीच्या टोकाच्या क्रुसापर्यंत जाऊन परत यायचं, बस. जाताना काही झालं नाही. येताना मी घंटी वाजवत, डोळे चांगले मोठे करून आले. सगळ्यांना दिसायला नकोत का?

फिलोमिनाच्या गोठ्यापाशी चिलटांचा ढग उभा होता. एक गेलं उजव्या डोळ्यात, एक डाव्यात. मी गेले सायकलसकट तिच्या केळीत.

सगळ्यात आधी धावत कोण आलं असेल? चिकूखालचा. त्याने सायकलची बाटली काढली, माझी हनुवटी धरली आणि हळूहळू पाणी सोडलं. "चोळू नका आजी. उघडझाप करा." ज्याला मी फाटकालाही हात लावू दिला नाही, तो माझ्या डोळ्यात डोळे घालून बसला होता.

त्याची आई जवळ आली. माझे दोन्ही डोळे तिने नीट बघितले. "आता यांना कुठे बसवायचं?"

"चिकूखाली," मी म्हटलं.

तिला हसू आवरेना. रिक्षा रिकामीच परत गेली, आणि चहा आम्ही सगळ्यांनी चिकूखालीच घेतला.

सुपारी फुटली त्या दिवशी निखिलने मला स्वतःच्यासारखाच चष्मा आणला. दुसऱ्या सकाळी तो लावून, टोपली बांधून मी ऐटीत निघाले. आता भुईगावातल्या कुठल्या चिलटाची हिंमत होती?

फिलोमिना फाटकात उभी होती. क्रुसासाठी रोज माझ्याकडून चार फुलं घेते. मी ब्रेक दाबला, फुलांची ओंजळ पुढे केली.

ती दोन पावलं मागे सरली.

"तिथनंच ठेव गो बाय," म्हणाली. "पोचली मला."