बाकावरची रेघ

मंडळी, आज दुपारी नातीला आणायला तिच्या शाळेत गेलो होतो. इथे कॅनडात तेवढं एक काम माझ्याकडे असतं. नात डावखुरी आहे. तिच्या बाईंनी जाता जाता सांगितलं, "शेजारणीला हिचं कोपर लागत होतं, म्हणून आज दोघींच्या जागा बदलल्या."

मी थँक यू म्हणालो आणि नातीला घेऊन गाडीत येऊन बसलो.

सत्तरच्या दशकात, नाशिकला सातवीत असताना माझ्या शेजारी दौलत बसायचा. अंबडहून चालत यायचा. तोही डावखुरा. त्याचं कोपर लागून माझं अक्षर बिघडायचं. शेवटी मी कर्कटकाने बाकाच्या मधोमध रेघ कोरली आणि हद्द ओलांडायची नाही म्हणून बजावलं.

"मुद्दाम नाय करत रे," तो म्हणाला.

तरी मी सरांकडे तक्रार केली. सरांनी त्याचा डावा हात रुमालाने बाकाला बांधला. महिनाभर रोज. वर्गात सगळ्यात देखणं अक्षर दौलतचं होतं. सहामाहीपर्यंत ते त्याचं त्यालाच वाचता येईना. त्या वर्षी सुंदर अक्षराचं बक्षीस मला मिळालं.

तो उजवीकडे बसायचा, मी डावीकडे. आम्ही नुसत्या जागा बदलल्या असत्या तरी भागलं असतं. हे मला सुचलं नाही, सरांना सुचलं नाही. दौलतला सुचलंही असेल. पण रेघेपलीकडून बोलायचं नाही, हा नियमही माझाच होता.

तुमच्या बाकावर होती का अशी रेघ? कोणी ओढली होती?