समुद्रावर सोडलेलं पाणी

पूल उतरल्यावर फुटपाथ अरुंद झाला, तशी वहिनी घाईनं पुढून वळसा घालून नणंदेच्या डाव्या बाजूला आली. बोलायचं तर वन्संच्या डाव्या कानाशीच बोलावं लागे. उजव्या कानानं केव्हाच संप पुकारला होता आणि डावाही हल्ली अर्ध्या पगारावर आल्यासारखं काम करत होता. ही उपमा वहिनीची नव्हे, खुद्द वन्संचीच.

"बस करू या का, वन्सं? अजून निम्मी वाट आहे."

"बसायचं कशाला? आत्ता तर निघालो."

"बसायचं नाही हो! बसनं जाऊ, बसनं!"

"ती पुढच्या चौकात मिळेल," वन्सं म्हणाल्या. पुढचा चौक आला, बस आली, गेलीही. वन्संनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. वहिनीनं पदर खोचला, तोंडातल्या तोंडात देवाचं नाव सुरू केलं आणि मुकाट चालू लागली.

दोघी सहलीच्या कंपनीच्या ऑफिसातून परतत होत्या. काल फोनवर कळलं होतं की समुद्राच्या तळाशी नेणारी सहल रद्द झाली. पण फोनवरच्या माणसाचं काय खरं, समक्ष विचारून येऊ, म्हणून वन्संनी दातांच्या लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी काढली होती. समक्ष विचारलं, उत्तरही समक्षच मिळालं. बोट बिघडली आहे, सोबतची बाकीची माणसंही पुरेशी जमली नाहीत, आता पुढच्या हंगामात बघू. गळ्यात पट्टा अडकवलेली काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती. "मावशी, तुमचे पैसे आठवड्यात परत येतील. आणि हवं असेल तर काचेच्या तळाची बोट आहे. त्यात बसून मासे बघता येतात, भिजावंही लागत नाही," ती म्हणाली.

हे मात्र वन्संना एका झटक्यात ऐकू आलं.

"बाळ, काचेतून बघायचे तर मी घरी बरणीत दोन मासे पाळीन."

मुलगी हसली. वन्संही हसल्या. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी वहिनीकडे न बघता घरची वाट धरली, तीही पायी.

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिल्या, आणि उभं आयुष्य लोकांचे दात बनवण्यात घालवलं. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे येत. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी घडवायची, साचा उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि शेवटी घासूनपुसून कवळी चकचकीत करायची. "या शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात, आणि मी हसले की म्हणतात, ही बाई दात काढते," असं त्या म्हणत. घासायच्या मशीनचा आवाज असा, की शेजारच्या बायका कानात कापूस घालून बसत. वन्संना त्याची गरज उरली नव्हती. "देवानं आतूनच घालून दिलाय," म्हणत.

बहिरेपणावर त्या स्वतःच इतके विनोद करत की दुसऱ्याला जागाच राहू नये. भाऊ चिडून म्हणायचा, "तुला काही सांगणं म्हणजे एका कानानं ऐकणार आणि दुसऱ्यानं सोडून देणार." त्यावर वन्सं, "दुसरा बंदच आहे रे, सोडू कुठून? सगळं आतच साठतं."

आत काय साठत होतं, ते वहिनीला फार उशिरा कळलं. लॅबमधल्या कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत फोनवर समुद्राच्या तळाची फिल्म लावली होती. गुलाबी, जांभळी पोवळी, त्यांतून फिरणारे मासे आणि पाठीवर टाक्या बांधलेली माणसं. फिल्मला आवाज नव्हता. कुणी म्हणालं, आवाज वाढव ना. दुसरं म्हणालं, अगं, पाण्याखाली कसला आवाज, तिथं सगळे हातांनीच बोलतात. वन्संनी ती फिल्म पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. घरी येऊन त्या वहिनीला म्हणाल्या, "तिथं सगळेच माझ्यासारखे गं. कुणी कुणाला 'काय, काय' करत नाही."

पन्नाशी उलटलेल्या बाईनं मग पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. भाऊ म्हणाला, "या वयात माणसं तीर्थाला जातात, ही तळाला निघाली." लॅबमधल्या बायकांनी त्यावर कडी केली, "जा बाई, खुशाल पाण्यात पाहा, फक्त आम्हाला पाण्यात पाहू नकोस!" वन्सं पोहायला शिकल्या, मग टाकी बांधून खोल बाजूला बुड्या मारायला शिकल्या. सोबत म्हणून वहिनी रोज काठावरच्या बाकावर मांडीवर टॉवेल घेऊन बसायची. वन्सं पाण्याखाली गेल्या की हिचा जप वाढायचा, वर आल्या की संपायचा.

वन्संनी वहिनीलाही हातांची भाषा शिकवली. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला की ठीक आहे. पंजा आडवा धरून हलवला की काहीतरी गडबड आहे. आणि अंगठा वर केला की वर चला. "अंगठा दिसला की कारण विचारायचं नाही. बुडी संपली, सरळ वर यायचं," वन्सं बजावायच्या. दोघी घरात ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत अशाच बोलू लागल्या. भाजीत मीठ जास्त पडलं की वन्संचा पंजा हलायचा, आणि भावाला कळायचंच नाही की या दोघी मध्येच का फिदीफिदी हसतात.

पण गोष्ट नुसती हौसेची नव्हती. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की आतलं एक इवलंसं हाड घट्ट होऊन बसलंय. ऑपरेशन करून ते काढायचं, त्या जागी बारीक कृत्रिम तुकडा बसवायचा. ऐकू येईल, चांगलं येईल. मात्र नंतर खोल पाण्यात जायचं नाही. एकदाही नाही, कधीच नाही. वन्संनी तिथल्या तिथं ऑपरेशनची तारीख सहलीच्या पुढची मागून घेतली. आधी समुद्र, मग कान.

वहिनीनं देवाजवळ एवढंच मागितलं होतं की वन्सं सुखरूप परत याव्यात. त्या जाऊच नयेत, असं काही मागितलं नव्हतं. देवाला कुठला शब्द कमी ऐकू आला, कोण जाणे.

वन्संना फोनवरचं कळत नाही, म्हणून कंपनीला नंबर वहिनीचा दिला होता. काल सकाळी तलावाच्या काठावर बसलेली असतानाच फोन आला. वहिनी ऐकत होती आणि समोर पाण्यात वन्सं, डोळ्यांवर मास्क, पाठीवर टाकी, खाली जायच्या तयारीत होत्या. वहिनीच्या चेहऱ्याचा रंग उडालेला त्यांनी पाहिला असावा. त्यांनी हात उंच करून बोटांचा गोल दाखवला. ठीक ना?

वहिनीला वाटलं, आत्ता नको. आजची बुडी तरी सुखानं होऊ दे, घरी गेल्यावर सांगू. सगळं उत्तम आहे, असं दाखवायला ती हसली आणि जन्मभराच्या सवयीनं तिनं अंगठा वर केला.

वन्सं क्षणभर तशाच तरंगत राहिल्या. मग कारण न विचारता काठाशी आल्या, शिडी चढल्या, मास्क काढला. "संपलं का गं?" त्यांनी विचारलं. खोटं बोलायला निघालेल्या वहिनीच्या हातानं खरं तेच सांगून टाकलं होतं. मग तिला ते ओरडून सांगावं लागलं, "सहल रद्द झाली, वन्सं! रद्द!" आणि तलावातली सगळी माणसं पोहायची थांबून बघत राहिली.

आता रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाची पायरी दिसली. वन्सं आपण होऊन बसल्या. वहिनी डाव्या बाजूला बसली.

"दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना," वन्सं म्हणाल्या, "माझं पाहा. कान घ्यावेत तर समुद्र नाही, समुद्र घ्यावा तर कान नाहीत. आणि मी तर दात बनवणारी बाई!"

"तारीख पुढं ढकला ना, वन्सं," वहिनी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "पुढच्या हंगामात जाऊन या, मग करा ऑपरेशन. ह्यांची समजूत मी घालते."

वन्संनी उजव्या हाताची बाही जरा वर सरकवली. मनगटावर भाजल्याचा लालभडक पट्टा होता.

"अगंबाई! हे कधी झालं?"

"काल दुपारी, लॅबमध्ये. साच्याचं उकळतं पातेलं घेऊन शेजारची बाई मागून येत होती. सरक, सरक म्हणून ओरडली म्हणे. सगळ्यांना ऐकू गेलं." त्यांनी बाही खाली ओढली. "आज माझा हात भाजला. उद्या माझ्यामुळं तिचा भाजेल. नाही गं वहिनी. पुढच्या हंगामापर्यंत थांबायची नाही मी."

"म्हणजे समुद्रावर पाणी सोडायचं?"

"त्याला कुठं पाण्याची कमी आहे, घेईल बिचारा." वन्सं हसल्या, पण हसू ओठांपाशीच राहिलं. समोर गाड्या जात होत्या, कुणी हॉर्न वाजवत होतं, फळवाला ओरडत होता. वन्सं ते सगळं नुसतं पाहत होत्या. "मला तिथं फार काही करायचं नव्हतं. तळाशी जाऊन एकदा बसायचं होतं. वाळूवर, चांगली मांडी घालून. समोरून मासे जात राहतील आणि कुणीच काही बोलणार नाही, एवढंच. रोज झोपताना मी तिथं बसून येते. आता ऑपरेशन झाल्यावर येईल का बसता, काय माहीत."

वहिनीनं वन्संच्या पाठीवर हात ठेवला. जिथं रोज टाकी बांधली जायची, त्या जागेवर.

वन्सं वळल्या आणि त्यांनी वहिनीचे दोन्ही हात धरले.

"एक मागू? नाही म्हणू नकोस. उद्यापासून तू पाण्यात उतर. काठाला धरून का होईना, सुरुवात कर. मी शिकवीन, बाकावर मी बसेन. आणि पुढच्या हंगामात तू जा खाली, माझ्या जागी. नीट बघ सगळं, घाई करू नकोस. वर आलीस की मला सांग. ओरडायला लागणार नाही बघ, हळू बोललीस तरी तोवर मला ऐकू येत असेल."